पिनला लावलेला डिंक

आमच्या सरांना राग यायला कारण लागत नाही, असं कॉलेजात सगळे म्हणायचे. हे खोटं आहे. कारण प्रत्येक वेळी असायचं. ते आम्हाला उशिरा कळायचं, आणि कळल्यावर राग यायचा तो पुन्हा सरांचाच. मी त्यांच्याकडे शिकले आणि नंतर त्यांच्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागले. त्या काळात मी त्यांच्यावर जितकी चिडले तितकी दुसऱ्या कुणावर चिडले नसेन. आज लिहायला बसलेय तीही चिडूनच. फक्त आता ज्यांचा राग येतो त्यांची यादी लांबलीय, आणि तिच्यात माझंही नाव आहे.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज बीडकडच्या मुरमाड माळावर होतं. परवाना मिळाला की कॉलेज निघायचं त्या वर्षांतलं. आधी कमान उभी राहिली, मग अध्यक्षांचं दालन, मग वर्ग, आणि सगळ्यात शेवटी पाण्याची टाकी. प्रयोगशाळेत बारा कम्प्युटर होते. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, मशिनला धूळ चालत नाही म्हणून. खिडक्यांना मात्र काचा नव्हत्या.

सर पुण्यात गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकरा वर्षं काढून परत आले होते. का आले, हे विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. कधी म्हणायचे वडिलांचं लोखंडाचं दुकान बघायला, कधी म्हणायचे पुण्यात भाकरी गोल मिळत नाही. भांडून आले असणार. उंच, वाळलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं ते स्टीलचं साधन, अर्धं बाहेर आलेलं. पेन लागलं की समोरच्याचं घ्यायचे आणि परत द्यायचे नाहीत.

त्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. खूश असले की अरे-तुरे, गावाकडच्या बोलीत. रागावले की अहो-जाहो, तेही शुद्ध, पुस्तकी. त्यामुळे सरांनी कुणाला 'आपण' म्हटलं की तो माणूस जागेवरून उठून उभा राहायचा.

पहिल्या तासाला ते वीट घेऊन वर्गात आले होते. ती टेबलावर ठेवून त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "ही टेबलाला जोडलेली हाय का बे?"

"नाही सर."

"मंग पडत कावून न्हाई?"

"खाली टेबल आहे ना."

"म्हंजे काहीतरी नातं हाय." त्यांनी वीट उचलली. "वर उचलली की नातं संपलं. आडवी ढकलली की घासत जाती. खाली दाबली की टेबल सोसतं. हे कम्प्युटरला कोण सांगणार? त्याला काय, त्यानं जन्मात वीट उचलली न्हाई."

आमचा विषय एवढाच होता. यंत्राचे भाग कम्प्युटरवर काढायचे, ते एकमेकांना जिथं टेकतात तिथं त्यांचं नातं काय ते सांगायचं, मग भार टाकायचा आणि ताण कुठं येतो ते बघायचं. कमी ताण तिथं चित्र निळं दिसतं, जास्त ताण तिथं लाल. त्या नात्यांना सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी नावं होती. सरांनी आपली चार ठेवली होती: चिकट, सरकतं, घासतं आणि सुटं. अडचण अशी, की तुम्ही काही सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं, आणि ते नेहमी चिकटच ठरवतं. दोन पृष्ठभाग जवळ दिसले की त्याच्या लेखी ते एकजीव झाले. उत्तर झटकन येतं, छान निळं येतं, आणि कधी कधी साफ खोटं असतं. "ह्याला दोन पोरं एका बाकावर दिसली," सर म्हणायचे, "की हा अक्षता टाकून मोकळा."

म्हणून त्यांच्या प्रयोगशाळेत 'आपोआप' हा शब्द उच्चारायला बंदी होती. "सर, ते आपोआप घेतलं" असं कुणी म्हणालं की ते येऊन त्याच्या मशिनचं बटण बंद करायचे, तासभराचं काम गेलं तरी. "आपोआप फक्त कुसळ उगवतं," ते म्हणायचे. "आणि आपल्या जिल्ह्यात त्यालाबी पाऊस लागतो."

आमच्याकडचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. कुणीतरी पुण्याहून सीडी आणली होती. सरांनी त्या कंपनीला इंग्रजीत सहा पानी पत्र लिहिलं की तुमचं सॉफ्टवेअर न विचारता चिकट धरतं, हे धोक्याचं आहे, त्यानं आधी माणसाला विचारलं पाहिजे. प्राचार्यांच्या हाती त्याची नक्कल पडली तेव्हा त्यांना घाम फुटला. "अहो, आपली कॉपी चोरीची आहे. तुम्ही पत्त्यासकट तक्रार केलीत?" सर म्हणाले, "मग विकत घ्या. चोरून आणलेल्याला जाब तरी कोणत्या तोंडानं विचारायचा?" ते विकत घेतलं गेलं नाही. पत्राला उत्तरही आलं नाही.

हा माणूस बाहेरही असाच वागायचा. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात सर अक्षता घेऊन उभे होते ते एकदम दिसेनासे झाले. बघतो तर स्टेजच्या खाली रांगत गेलेले. बाहेर आले ते गुडघ्याला माती लावून, आणि नवरा-नवरीला म्हणाले, "आपण दोघेही खाली उतरा." फळ्या नुसत्या पिंपांवर टेकवलेल्या होत्या, बांधलेल्या नव्हत्या. दोरी येईपर्यंत, फळ्या आवळून होईपर्यंत त्यांनी कुणाला वर चढू दिलं नाही. मुहूर्त गेला. मुलीचे वडील रडायला आले. पुढं सगळं नीट पार पडलं आणि स्टेज पडलं नाही, त्यामुळे लोकांनी सरांनाच वेड्यात काढलं. मीही काढलं.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. एकदा मी घरी गेले तेव्हा काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "तुला हापिसातच बोलतात ना? मला तर पोळपाटावरूनबी बोलतात. हलतंय म्हणून त्याच्या पायाखाली कागद घालून दिला, अन् कागद झिजला का ते दर रविवारी बघतात."

हे सगळं आज गमतीचं वाटतं. तेव्हा वाटायचं नाही. सर अन्यायही करायचे. शिरूर कासारकडचा एक मुलगा होता, आईबाप दर हंगामाला ऊस तोडायला जायचे, हा एकटा खोलीवर राहून शिकायचा. तोंडी परीक्षेत त्याच्या तोंडून 'आपोआप' निघून गेलं. सरांनी त्याला नापास केलं. मी भांडायला गेले तर म्हणाले, "आपल्याला दया येते, त्याला ती जन्मभर पुरणार आहे का?" त्या मुलाचं वर्ष गेलं. हे बरोबर होतं असं मला आजही वाटत नाही. मीही शिरूरचीच. माझ्या वडिलांचं तिथं किराणा दुकान, आणि त्या मुलासारखी किती घरं दिवाळीआधी कुलूप लावून जातात ते मी गल्ल्यामागं बसून बघितलेलं होतं.

ट्रॉलीचं काम आलं ते माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी.

अध्यक्षांच्या मेहुण्यांचं ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप होतं. त्यांनी उसासाठी नवी, जास्त रुंद ट्रॉली काढली होती. एका ट्रॅक्टरमागं अशा दोन लावायच्या. साखर कारखान्यांना दाखवायला कॉलेजचा मजबुतीचा दाखला हवा होता. सरांनी काम माझ्याकडं दिलं. बघायचं होतं ते जोडणीचं. पहिल्या ट्रॉलीच्या मागं एकावर एक दोन पट्ट्या, मधे थोडी फट. त्या फटीत दुसऱ्या ट्रॉलीची कडी बसते, आणि तिन्हींच्या भोकांतून वरून खाली एक पिन सोडतात. मागची सगळी ट्रॉली, उसासकट, नाहीतर माणसांसकट, त्या एका पिनवर ओढली जाते.

मी चित्र काढलं, भार टाकला, बटण दाबलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. सगळं निळं, लागते त्याच्या तिप्पट मजबुती. प्राचार्य रोज विचारत होते आणि सर त्या दिवशी रजेवर होते. मी रंगीत प्रिंट काढली आणि थेट प्राचार्यांना नेऊन दिली. प्राचार्य म्हणाले, "शाब्बास." तिथं तो शब्द कुणी कुणाला म्हणत नसे. मी दिवसभर हवेत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती प्रिंट प्रयोगशाळेत पाहिली. वीसेक मुलं होती.

"पिन आणि पट्टी यांच्यात आपण काय दिलंय?"

मी बघितलं. मी काहीच दिलं नव्हतं. सॉफ्टवेअरनं चिकट धरलं होतं. पिन, दोन पट्ट्या आणि कडी, सगळा एक अखंड ठोकळा.

सर मुलांकडं वळले. "या बाईंनी पिनला डिंक लावला आहे. उद्या यांच्या घरी जाल तर दार उघडणार नाही, बिजागरीलाही लावला असेल." मुलं हसली. त्यातल्या चौघांना मीच शिकवत होते. मी खाली मान घालून उभी राहिले. चूक माझी होती हे मला त्या क्षणी कळत होतं, आणि म्हणूनच त्या माणसाचं तोंड पुन्हा बघू नये असं वाटत होतं.

पण काम तर करायचं होतं. सर म्हणाले, पिन भोकात सैल असते, ती किती सैल ते आधी मोजू. दिवाळी जवळ आली होती, तोडणीवाले निघायच्या तयारीत होते. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी नांदूरघाटला गेले. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर लागलेले, वर पत्रे, चुली, कोंबड्या, पोरं. सर एका चालू ट्रॅक्टरसमोर जाऊन उभे राहिले.

"थांब बे. मागची पिन काढ."

चालवणारा पंचविशीचा होता, अंकुश नावाचा, धनगराच्या घरातला. "कावून?"

"मोजायचीय."

"आरटीओ हाय का तुमी?"

"मास्तर हाय."

"मंग पोरं शिकवा की. आमाला कावून आडवता?" म्हणाला, पण उतरला आणि पिन काढून दिली. सरांनी व्हर्नियर लावलं. जिथं कडी घासते तिथं पिन डमरूसारखी झिजली होती.

"बघ, कंबर गेलीय तिची."

"तिची व्हय," अंकुश म्हणाला. "आमच्या घरात समद्यांची गेलीय."

ट्रॉलीत बसलेली त्याची भावजय हसली. भामा तिचं नाव. तिनं वरूनच विचारलं, "मास्तर, मोजून काय करणार?"

"आता न्हाई सांगत," सर म्हणाले. "कळलं की सांगतो."

आम्ही वीसेक पिना मोजल्या. भोकं तर इतकी लांबट झालेली, की पिन असताना शेजारी माझी करंगळी जायची. एकानं पिनऐवजी बांधकामाची सळई वाकवून घातली होती. सरांनी ती उपटली आणि बाजारातून नवी पिन आणून घातली. तो माणूस सळई परत मागत मागं लागला.

खरं मोजमाप घातल्यावर कम्प्युटरचं काम अवघड झालं. 'घासतं' नातं दिलं की मशिनला परत परत गणित करावं लागतं. पिन टेकली का, कुठं टेकली, सुटली का, पुन्हा टेकली का. कधी उत्तर जुळतच नाही. आमच्या मशिनला सात-आठ तास लागत, आणि वीज सलग तेवढी कधीच नसे. भारनियमनाच्या पहिल्या फटक्यात सगळं शून्यावर. असं पाच वेळा झालं. सहाव्या दिवशी सकाळी सर प्राचार्यांच्या दालनात गेले, त्यांच्या पंख्याच्या इन्व्हर्टरची बॅटरी सोडवली आणि खांद्यावर घेऊन प्रयोगशाळेत आले. अॅसिड सांडून त्यांच्या शर्टाला भोकं पडली. प्राचार्य दिवसभर वहीनं वारा घेत बसले.

संध्याकाळी पाचला उत्तर आलं. खालच्या पट्टीच्या भोकाची कड लालभडक. पिन सैल असल्यामुळे झटक्याला तिरकी होत होती, पट्ट्यांची फट फाकत होती, सगळा भार भोकाच्या एका कडेवर येत होता. भरलेल्या ट्रॉलीला चढावर जोराचा झटका बसला तर पट्टी फाटणार होती. सर किती तरी वेळ त्या चित्राकडं बघत बसले. मग मला म्हणाले, "पोरी, चांगलं केलंस." तीन आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. तेव्हाही मी नुसती प्रिंट काढायला उठले. डिंकाचं हसणं कानातून गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला प्राचार्यांच्या दालनात बैठक झाली. मेहुणे आले होते, मलाही बोलावलं होतं. सरांनी दोन्ही अहवाल मांडले आणि सांगितलं, पट्टी जाड करा, खाली आणखी एक आधार जोडा, पिन निघणार नाही अशी कुलपाची करा. अवघड काही नव्हतं.

मेहुण्यांनी लाल चित्र बोटानं बाजूला सारलं. "सर, लोखंड हाय ते. बिस्कुट न्हाई. साठ ट्रॉल्या बनून उभ्या हायत माझ्या. ह्ये निळं हाय ना, ह्येच द्या."

"ते निळं खोटं आहे."

प्राचार्य म्हणाले, "असं कसं म्हणता सर? दोन्ही आपल्याच लॅबचे. दोन्ही मॅडमनीच केलेले. मग त्यातला एक निवडायचा, एवढंच."

सर उठले. "मी सही करणार नाही. आणि आपण कुणीही करू नये." खुर्ची सरकवून ते निघून गेले. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी सही करेन हे त्यांच्या मनातही आलं नसावं, आणि त्या गृहीत धरण्याचाच मला तेव्हा संताप आला.

एक वाजता प्राचार्यांनी मला बोलावलं. निळ्या अहवालावर खाली माझं नाव आधीच टाइप केलेलं होतं. ते म्हणाले, माझ्या कायम होण्याचा कागद अध्यक्षांच्या टेबलावर आहे. पुढं बरीच वर्षं मी लोकांना हेच कारण सांगत आले. नोकरी नवी होती, दबाव होता. हे अर्धंच खरं आहे. पेन हातात घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती हसणारी मुलं होती. मला सरांना हरवायचं होतं. बघा, माझं निळं चाललं. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सर प्रयोगशाळेत आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. ओरडतील म्हणून मी तयार होते. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आपल्याला उत्तर माहीत होतं." बस. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी मला 'तू' म्हटलं नाही.

त्यांनी जवळच्या कारखान्यांना पत्रं पाठवली. त्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसल्या की अडवायला लागले. कॉलेजच्या वर्कशॉपात लेथवर चांगल्या पोलादाच्या पिना काढून वाटायला लागले. अध्यक्षांनी त्यांना काढलं. नोटिशीत ट्रॉलीचा शब्द नव्हता. आरोप होता बॅटरीच्या चोरीचा. शिपायापासून उपप्राचार्यापर्यंत सगळ्यांनी ती नोटीस वाचली, आणि सगळे मान हलवून आपापल्या तासाला गेले. मीही गेले.

पुढच्या हंगामात मांजरसुंब्याच्या घाटातल्या चढावर एक ट्रॅक्टर वर जात असताना मागची ट्रॉली सुटली. नवी, रुंद. उलटी घरंगळत जाऊन कठड्यावर आदळली. आत तोडणीला निघालेली माणसं होती. अंकुशचा भाऊ जागीच गेला. भामाचा पाय गुडघ्यावरून काढावा लागला. पेपरात आलं, चालकाचा ताबा सुटल्यानं अपघात. चालक अंकुश होता, गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. ट्रॉलीला कॉलेजचा दाखला होता ना. म्हणजे ट्रॉली चांगली आणि चालवणारा वाईट.

त्या रविवारी सर शिरूरला आमच्या दुकानात आले. वडील साखर तोलत होते. सरांनी चपला बाहेर काढल्या, वडिलांना नमस्कार केला आणि माझ्याकडं वळले. "लाल अहवालाची फाइल कॉलेजनं पुसून टाकलीय. मॅडम, आपल्याकडं सीडी आहे."

होती. लाल उत्तर आलं त्या संध्याकाळी सरांच्या देखतच मी ती भरून घरी आणली होती. का, ते मला सांगता येणार नाही.

"कोर्टात यावं लागेल," सर म्हणाले. "आपली सहीही सांगावी लागेल."

वडिलांनी तागडी खाली ठेवली. "कसली सही, माय?"

मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. गिऱ्हाइकं उभी होती. मी तिथंच सांगितलं. वडिलांनी समोरच्या गिऱ्हाइकांकडं बघितलं. मग म्हणाले, "त्या घाटानं आपलीच गिऱ्हाइकं जातात." आणि पुन्हा तोलायला लागले. साखर तागडीबाहेर सांडत होती.

बीडच्या कोर्टात माझी साक्ष झाली तोपर्यंत मी कॉलेज सोडलं होतं. सरांनी पिंजऱ्याजवळ उभं राहून फाटलेल्या पट्टीचा तुकडा दाखवला. ती अगदी आमच्या लाल चित्रातल्या जागीच फाटली होती. त्यांना 'माजी कर्मचारी, चोरीच्या आरोपावरून काढलेले' म्हणून हिणवलं गेलं. ते चिडले नाहीत. मग सरकारी वकिलांनी मला विचारलं.

"निळ्या अहवालावर सही तुमची?"

"हो."

"त्यात जोडणी सुरक्षित आहे असं लिहिलंय. आणि आज म्हणता ती सुरक्षित नव्हती. म्हणजे कम्प्युटरची चूक झाली?"

"कम्प्युटरची नाही. पहिल्यांदा मी त्याला नीट सांगितलं नाही, ती माझी चूक. दुसऱ्यांदा नीट सांगितलं, त्यानं नीट उत्तर दिलं."

"मग सही कोणत्या अहवालावर केली?"

"पहिल्या. दुसरा हातात आल्यानंतर."

अंकुश सुटला. त्याला वेळ लागला, तीन हंगाम गेले त्यात. मेहुण्यांचं काही झालं नाही. कॉलेजनं लिहून दिलं की अहवाल केवळ सल्ल्यादाखल होता. साठातल्या किती ट्रॉल्यांना नवी पट्टी लागली मला माहीत नाही. पुढं मी पुण्यात हेच काम करत राहिले, आता माझ्या हाताखाली मुलं आहेत. सर जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यांच्या वडिलांच्या लोखंडाच्या दुकानातच त्यांनी शेवटची वर्षं काढली, गिऱ्हाइकाला खिळे विकताना कशाला हवेत ते विचारत, आणि पटलं नाही तर न देता परत पाठवत.

मला त्यांच्यातलं जे आठवत राहतं ते निकालाच्या दिवसाचं आहे. आम्ही कोर्टाच्या आवारात आलो. अंकुश लिंबाखाली उकिडवा बसला होता, रडत नव्हता, हसतही नव्हता. शेजारी पायरीवर भामा, कुबड्या आडव्या ठेवून. तिनं सरांना विचारलं, "सही केलती ती ह्याच बाई व्हय?"

सर म्हणाले, "हां. ह्याच."

त्यांनी आणखी काही बोलावं म्हणून मी थांबले. यांनीच साक्ष दिली, यांनी नोकरी सोडली, असं काहीतरी. ते फाटकाकडं बघत होते.

भामानं माझ्याकडं नीट बघितलं. आवाज चढवला नाही तिनं. "बाई, तुमचं आमच्याशी काय वाकडं व्हतं?"

"काहीच नाही."

"मंग?"

माझं वाकडं होतं ते तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी. हे तिला कसं सांगायचं, मला कळेना. सरांना कळलं असावं. ते माझ्याकडं न बघता रिक्षा आणायला फाटकाकडं गेले. रिक्षा आली. अंकुशनं कुबड्या घेतल्या. सर म्हणाले, "मॅडम, त्या बाजूनं धरा." आम्ही दोघांनी तिला उचलून आत बसवलं. माझ्या हाताला तिचं वजन जवळजवळ लागलंच नाही. अंकुश तिच्या शेजारी बसला, सर कुबड्या मांडीवर घेऊन कडेला, आणि जागा संपली. रिक्षा निघून गेली. मी स्टँडपर्यंत चालत आले.